अलिंदकंपनावरील ॲब्लेशनच्या पद्धती व त्यांचे पचनसंस्थेवरील दुष्परिणाम : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक तौलनिक विवेचन

प्रस्तावना

हृदयावर केलेल्या उपचाराचा त्रास पोटाला होतो, हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु अलिंदकंपन या हृदयविकारावर केल्या जाणाऱ्या ॲब्लेशन या उपचाराच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. उपचारानंतर काही रुग्णांना मळमळ, पोट गच्च होणे, दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटणे अशा तक्रारी सुरू होतात. अत्यंत थोड्या रुग्णांत अन्ननलिका आणि हृदय यांच्यामध्ये छिद्र पडते व त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. या दोन्ही प्रकारच्या तक्रारी बहुधा रुग्ण घरी परतल्यानंतर ठळक होतात. त्या वेळी त्याच्यासमोर हृदयरोगतज्ज्ञ नसतो; गावातील डॉक्टर असतो.

ॲब्लेशनच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना वैद्यकीय वाङ्मयात प्रामुख्याने एका निकषावर केली जाते : एका वर्षानंतर किती रुग्णांची नाडी नियमित राहिली. हा निकष महत्त्वाचा आहेच. मात्र बीडसारख्या जिल्ह्यातील रुग्ण उपचारासाठी शे-दोनशे किलोमीटर दूर जातो आणि दोन-तीन दिवसांत परत येतो. त्याच्या दृष्टीने उपचारानंतरचे पहिले दोन महिनेही तितकेच निर्णायक असतात. यशाच्या निकषावर या पद्धतींमध्ये आढळणारा फरक बेताचा आहे; पचनसंस्थेला होणाऱ्या इजेच्या निकषावर तो कित्येक पटींचा आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या निकषाचा विचार करण्यात आला आहे.

अलिंदकंपन व फुप्फुस शिरा

निरोगी हृदयात उजव्या अलिंदातील एका विशिष्ट पेशीसमूहापासून विद्युत आवेग निघतो व त्या तालावर संपूर्ण हृदय आकुंचन पावते. अलिंदकंपनात, म्हणजेच एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, हा ताल नष्ट होतो. अलिंदाच्या भिंतीत मिनिटाला तीनशेहून अधिक विस्कळीत आवेग फिरू लागतात. अलिंद आकुंचन पावण्याऐवजी थरथरते आणि नाडी कोणत्याही नियमाविना चुकत राहते. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचून गुठळी होते; ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. या विकाराचा खरा धोका धडधडीपेक्षा या गुठळीत अधिक आहे.

औषधांपलीकडील उपचाराचा मार्ग १९९८ मध्ये स्पष्ट झाला. फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हायसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास करून असे दाखवून दिले की, अलिंदकंपन सुरू करणारे ९४ टक्के उद्रेकबिंदू फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये असतात. या शिरांच्या तोंडाभोवतीच्या स्नायुपेशी वर्तुळाकार मारून टाकल्या तर उद्रेक अलिंदापर्यंत पोहोचत नाही. शेताला आग लागू नये म्हणून बांधालगत पट्टा जाळून ठेवावा, त्यातलाच हा प्रकार आहे. जांघेतील शिरेतून कॅथेटर हृदयात नेऊन हा पट्टा तयार केला जातो. छाती उघडावी लागत नाही.

पेशी मारण्यासाठी कोणती ऊर्जा वापरावी, हाच तीन पद्धतींमधील मूलभूत भेद होय.

उष्णता, थंडी व विद्युत स्पंद

रेडिओफ्रीक्वेन्सी ही या तिन्हींतील सर्वांत जुनी पद्धत आहे. कॅथेटरच्या टोकातून उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडला जातो; त्यामुळे ऊती तापते आणि सुमारे ५० अंश सेल्सियसच्या वर गेली की पेशी कायमच्या मृत होतात. एकेक बिंदू जोडत वर्तुळ पूर्ण करावे लागते. त्यामुळे वैद्याचे हस्तकौशल्य येथे फार मोलाचे ठरते. अलिंदाची भिंत सर्वत्र सारख्या जाडीची नसते. जाड भागात कमी उष्णता दिली तर पट्ट्यात फट राहते व विकार परततो. पातळ भागात जास्त दिली तर उष्णता भिंतीच्या पलीकडे जाते.

दुसरी पद्धत क्रायोबलूनची. शिरेच्या तोंडाशी फुगा फुगवून त्यात नायट्रस ऑक्साइड सोडला जातो. त्याच्या बाष्पीभवनाने फुग्याचे तापमान उणे ४० ते उणे ५५ अंशांपर्यंत उतरते आणि तीन-चार मिनिटांत संपूर्ण वर्तुळ एकदमच गोठते. येथे बिंदू जोडण्याचे कष्ट नाहीत. शिवाय गोठण्याने पेशी मरतात, तरी त्यांना धरून ठेवणारी तंतुमय चौकट बरीचशी टिकून राहते. पुढील विवेचनात ही गोष्ट पुन्हा येणार आहे.

तिसरी व सर्वांत अलीकडची पद्धत म्हणजे पल्स्ड फील्ड ॲब्लेशन. हिच्यात तापवणे वा गोठवणे हा पेशी मारण्याचा मार्गच नाही. हजार-दोन हजार व्होल्टचे, सेकंदाच्या लाखाव्या-दशलक्षाव्या हिश्शापुरते टिकणारे विद्युत स्पंद दिले जातात. त्यांच्यामुळे पेशीच्या पटलाला सूक्ष्म छिद्रे पडतात व पेशी मरते. हृदयस्नायूच्या पेशी या स्पंदांना लवकर बळी पडतात. अन्ननलिकेच्या आणि चेतांच्या पेशी त्यामानाने चिवट ठरतात. म्हणजे आधीच्या दोन पद्धतींत शेजारचा अवयव वाचवण्याची जबाबदारी वैद्याच्या हातावर होती. येथे ती काही प्रमाणात ऊर्जेच्या स्वभावानेच उचललेली आहे. अमेरिकेत या पद्धतीच्या उपकरणांना २०२३ च्या डिसेंबरात व २०२४ च्या जानेवारीत मान्यता मिळाली. त्यानंतर भारतातील काही मोठ्या रुग्णालयांतही तिचा वापर सुरू झाला.

यशाच्या बाबतीत काय दिसते? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फायर अँड आइस’ या चाचणीत ७६२ रुग्णांत रेडिओफ्रीक्वेन्सी व क्रायोबलून यांची तुलना झाली. उपचार अपुरा ठरलेल्या रुग्णांचे प्रमाण अनुक्रमे ३५.९ व ३४.६ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. २०२३ च्या ‘ॲडव्हेंट’ चाचणीत ६०७ रुग्णांत स्पंदपद्धती आणि दोन्ही उष्मापद्धती यांची तुलना झाली. एका वर्षाचे यश ७३.३ विरुद्ध ७१.३ टक्के. २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका चाचणीत २१० रुग्णांवर सतत नजर ठेवणारे यंत्र बसवून मोजणी केली असता स्पंदपद्धतीत ३७.१ आणि क्रायोबलूनमध्ये ५०.७ टक्के रुग्णांत विकाराची पुनरावृत्ती दिसली. एकंदरीत नवी पद्धत जुन्यांच्या बरोबरीची वा काहीशी सरस आहे, एवढे म्हणता येते.

शेजारची अन्ननलिका

पचनसंस्थेच्या तक्रारी समजून घ्यायच्या तर शरीररचनेतील एक साधी गोष्ट ध्यानात घेणे पुरेसे आहे. डावे अलिंद हा हृदयाचा सर्वांत मागचा कप्पा असून त्याच्या पाठीला लागूनच अन्ननलिका खाली जठराकडे उतरते. अलिंदाची मागची भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. भिंत व अन्ननलिका यांच्यामध्ये थोडी चरबी आणि हृदयावरणाचा पातळ पडदा एवढेच असते. अन्ननलिका पूर्णपणे स्थिरही नसते. गिळताना ती डावी-उजवीकडे सरकते. म्हणून उपचारापूर्वी काढलेल्या प्रतिमेत ती जेथे दिसली तेथेच उपचाराच्या वेळी असेल, याची शाश्वती नसते.

अन्ननलिकेच्या पुढच्या पृष्ठभागावर, म्हणजे नेमके अलिंदाच्या बाजूला, व्हेगस या दहाव्या मस्तिष्क चेतेच्या शाखांचे जाळे पसरलेले असते. हेच जाळे पुढे जठराकडे जाते. जठराच्या खालच्या भागाचे दळणे आणि जठरनिर्गमाचे योग्य वेळी उघडणे, ही दोन्ही कामे त्याच्या आज्ञेवर चालतात. अलिंदाच्या मागच्या भिंतीवर दिलेली उष्णता किंवा थंडी पलीकडे गेली तर तिच्या वाटेत दोन गोष्टी येतात : अन्ननलिकेची भिंत आणि हे चेताजाल. पहिलीला इजा झाली तर व्रण व क्वचित छिद्र. दुसऱ्याला झाली तर जठराची मंदगती. या दोन इजांची गल्लत होऊ नये, कारण दोहोंच्या बाबतीत पद्धतींचा क्रम एकसारखा लागत नाही.

जठराची मंदगती

रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशननंतर जठर मंदावल्याचे एक लक्षवेधी निवेदन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ३६७ रुग्णांपैकी चौघांना उपचारानंतर लवकरच पोट फुगणे व पोटदुखी सुरू झाली. तपासणीत जठरनिर्गम आकसलेला आणि जठर सुस्त झालेले आढळले. त्यानंतर जगभरातून अशा नोंदी होत गेल्या. त्रास सुरू होण्याचा काळ काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंतचा असतो. जेवणानंतर तासन्‌तास अन्न पोटात तसेच असल्याची भावना, सकाळी खाल्लेले संध्याकाळी उलटून पडणे, करपट ढेकर, वजन घटणे ही त्याची चिन्हे होत. लक्षणे असलेल्या रुग्णांचे प्रमाण बहुतेक अभ्यासांत कमी आहे. मात्र लक्षणे नसलेल्यांचीही जठराची गती मोजली की ते बरेच वाढते. यावरून पुष्कळ रुग्णांना ही इजा होते व ती कोणाच्या लक्षात न येता बरी होते, असे अनुमान काढणे वावगे ठरणार नाही.

येथे एक अनपेक्षित गोष्ट आढळते. क्रायोबलून ही छिद्राच्या दृष्टीने अधिक सुरक्षित पद्धत असली तरी जठराच्या मंदगतीच्या बाबतीत ती मागे पडते. तुर्कस्तानातील १०४ रुग्णांच्या एका अभ्यासात ही तक्रार रेडिओफ्रीक्वेन्सीपेक्षा क्रायोबलूनच्या गटात स्पष्टपणे अधिक आढळली. अभ्यास लहान आहे, परंतु त्याची संगती लावता येते. फुग्याचा थंड पृष्ठभाग मोठा असतो आणि थंडी चेतेपर्यंत सहज पोहोचते. क्रायोबलूनमध्ये मध्यपटलाच्या चेतेला होणारी इजाही अधिक असते, ती याच कारणाने. ‘फायर अँड आइस’ चाचणीत घरी जाताना ती २.७ टक्के रुग्णांत होती, तर रेडिओफ्रीक्वेन्सीच्या गटात एकाही रुग्णात नव्हती.

परंतु थंडीने झालेली चेतेची इजा बहुधा कायमची नसते. चेतातंतू मरतो, पण त्याचे वेष्टन शाबूत राहते व त्याच नळीतून तो पुन्हा वाढतो. तंतुमय चौकट टिकण्याचा जो गुण वर सांगितला, तोच येथे उपयोगी पडतो. म्हणून बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत पूर्ववत होतात. उष्णतेने झालेली इजाही पुष्कळदा भरून येते, तथापि काही थोड्या रुग्णांत ती रेंगाळते. स्पंदपद्धतीत व्हेगसच्या शाखांवर होणारा परिणाम बहुतांशी अल्पकाळ टिकणारा असल्याचे आजवरच्या अनुभवावरून दिसते.

या काळात आहाराला औषधाइतकेच महत्त्व असते आणि बीड जिल्ह्यात तो विषय थोडा अडचणीचा आहे. मंदावलेल्या जठराला तंतुमय व स्निग्ध पदार्थ पेलवत नाहीत. ज्वारी-बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याचे कूट, तेलाची तर्री असलेले कालवण हा येथील नित्याचा आहार. एरवी पौष्टिक मानली जाणारी भाकरीच या दिवसांत पोटात दगडासारखी बसते. त्याऐवजी मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, पातळ खिचडी, ताक, असे थोडे थोडे दिवसातून पाच-सहा वेळा घेणे हितावह ठरते. घरात आजारी माणसाला ताकद यावी म्हणून तूप-भाकरीचा आग्रह होतो. तो प्रेमापोटी असला तरी या रुग्णाला मानवत नाही.

छिद्र : दुर्मीळ, परंतु जीवघेणे

अन्ननलिकेची भिंत तापली तर आतल्या अस्तरावर व्रण पडतो. रेडिओफ्रीक्वेन्सीनंतर दुर्बिणीने पाहिले असता अनेक अभ्यासांत पाच ते वीस टक्के रुग्णांत असे व्रण आढळले आहेत. बहुतेक आपोआप भरतात. एखादा भरत नाही. तो खोल जात राहतो आणि दोन-चार आठवड्यांत अन्ननलिका व डावे अलिंद यांच्यामध्ये वाट तयार होते. कॅथेटरने केलेल्या ॲब्लेशननंतरच्या अशा घटना प्रथम २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. या वाटेने अन्ननलिकेतील जंतू रक्तात शिरतात, हवेचे बुडबुडे मेंदूत जातात आणि शेवटी रक्त अन्ननलिकेत उतरते.

या गुंतागुंतीची सर्वांत मोठी गणना २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉटर-एएफ’ या अभ्यासात आहे. ३५ देशांतील २१४ केंद्रांमधील ५,५३,७२९ उपचारांत १३८ रुग्णांना छिद्र पडले. हे प्रमाण रेडिओफ्रीक्वेन्सीत ०.०३८ टक्के, तर क्रायोबलूनमध्ये ०.००१५ टक्के होते. लाखाच्या हिशेबात सांगायचे तर पहिलीत अडतीस आणि दुसरीत एक-दोन. यशाच्या टक्केवारीत जवळजवळ समान असलेल्या दोन पद्धतींत येथे पंचवीसपटींचा फरक आहे.

याच अभ्यासातील आणखी काही आकडे गावातील डॉक्टरच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत. उपचारापासून पहिल्या लक्षणापर्यंतचा मध्यक काळ १८ दिवस होता. सर्वांत उशिराचे लक्षण साठाव्या दिवशी आले. पहिले लक्षण ५९.३ टक्के रुग्णांत ताप हे होते. छातीत दुखणे, गिळताना वेदना, एकाएकी हात-पाय लुळा पडणे ही लक्षणे काहींत आढळली. एकूण ६५.८ टक्के रुग्ण मृत्यू पावले. परंतु ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात हे प्रमाण ५१.९ टक्के होते आणि ज्यांना केवळ औषधांवर ठेवले त्यांच्यात ८९.५ टक्के. थोडक्यात, निदान लवकर होऊन रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचला तर त्याला जगण्याची जवळजवळ निम्मी संधी असते. न पोहोचला तर दहात एक.

स्पंदपद्धतीची नोंद २०२४ मध्ये ‘मॅनिफेस्ट-१७के’ या नावाने प्रसिद्ध झाली. १०६ केंद्रांतील १७,६४२ रुग्णांत अन्ननलिकेच्या छिद्राची एकही घटना आढळली नाही. लाखात अडतीस हे प्रमाण लक्षात घेतले तर सतरा हजारांत सहा-सात घटना अपेक्षित ठरल्या असत्या. त्यामुळे या शून्याला अर्थ आहे. मात्र ही पद्धत सर्वथा निर्धोक आहे, असा समज करून घेणे चुकीचे होईल. त्याच नोंदीत हृदयावरणात रक्त साचण्याचे प्रमाण ०.३६ टक्के, पक्षाघाताचे ०.१२ टक्के व मृत्यूचे ०.०३ टक्के होते. हृदयाच्या रोहिणीला आकडी येणे आणि तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंड निकामी होणे, हे या पद्धतीचे स्वतःचे नवे धोके आहेत. ते पोटाचे नाहीत, एवढेच.

उष्मापद्धती वापरताना अन्ननलिका वाचवण्याचे उपाय केले जातात : मागच्या भिंतीवर ऊर्जा कमी देणे, अन्ननलिकेत तापमापी ठेवणे, ती बाजूला सरकवणे, तिच्यात थंड पाणी फिरवणे. शेवटच्या उपायाची चाचणी लंडनमध्ये १२० रुग्णांत झाली व २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. अस्तराची इजा साधारण गटात ६० पैकी १२ जणांना, तर थंडावा दिलेल्या गटात ६० पैकी दोघांनाच झाली. तापमापीचा लाभ मात्र चाचण्यांत तितका स्पष्ट दिसलेला नाही. उपचारानंतर काही आठवडे आम्लविरोधी गोळ्या देण्याचा प्रघात सर्वत्र आहे. त्यामागील पुरावा भक्कम नसला तरी व्रणावर आम्ल पडू नये, हा तर्क सयुक्तिक आहे.

बीड जिल्ह्याचा संदर्भ

बीड जिल्ह्यातील अलिंदकंपनाचा विचार करताना सर्वप्रथम एक मर्यादा घालून घेणे आवश्यक आहे. वर उल्लेखिलेल्या चाचण्या प्रामुख्याने झडपा निरोगी असलेल्या रुग्णांवरील आहेत. भारतातील चित्र वेगळे आहे. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदणीत २४ केंद्रांतील १,५३७ रुग्णांचा समावेश होता. त्यांचे सरासरी वय ५४.७ वर्षे होते आणि ४७.६ टक्के रुग्णांत ऱ्हुमॅटिक हृदयविकार होता. म्हणजे बालपणी घसा दुखून आलेल्या तापाने झडप खराब झालेली व त्यातून पुढे अलिंद थरथरू लागलेले. अशा रुग्णांत झडपेचा उपचार, नाडीच्या वेगावर नियंत्रण आणि रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी जुनी औषधे यांना अग्रक्रम असतो. साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या २०२२ मधील ‘इन्व्हिक्टस’ चाचणीने नव्या औषधापेक्षा जुनेच औषध या रुग्णांत सरस असल्याचे दाखवले. तेव्हा नाडी अनियमित आहे म्हणून प्रत्येकाने ॲब्लेशनचा आग्रह धरावा, असे नाही. रक्तदाब, मधुमेह व वाढते वय यांमुळे ज्यांना हा विकार जडतो आणि औषधांनी ज्यांना आराम पडत नाही, त्यांच्यापुरता हा पर्याय प्रामुख्याने उरतो. अशा रुग्णांची संख्या आता ग्रामीण भागातही वाढत जाणार, यात शंका नाही.

हे रुग्ण जातात कोठे? आष्टी-पाटोद्याचा रुग्ण अहिल्यानगर-पुण्याची वाट धरतो, गेवराई-बीडचा छत्रपती संभाजीनगरची, परळी-अंबाजोगाईचा लातूरची. आणि साधने अपुरी पडली की सगळेच अखेर पुणे-मुंबईला पोहोचतात. अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हे ग्रामीण भागासाठी वैद्यकीय शिक्षण नेणाऱ्या देशातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय. उपचार दूरच्या शहरात झाला, तरी अठराव्या दिवशी ताप आलेला रुग्ण अशाच रुग्णालयाच्या दारात किंवा त्याहून आधी गावातल्या दवाखान्यात उभा राहणार असतो.

तेथे काय घडू शकते, याचा विचार करावा. ताप आणि थंडी म्हटली की टायफॉइड, मलेरिया वा डेंग्यू यांची शंका येते; सलाइन लावले जाते, प्रतिजैविक सुरू होते. प्रतिजैविकाने ताप एक-दोन दिवस उतरतोही, आणि त्यामुळेच खरे निदान लांबते. जांघेतील टोचणीची जखम तोवर भरलेली असते. हृदयाचा उपचार झाल्याचे रुग्ण सांगतो, पण छाती उघडलेली नसल्याने घरच्यांच्या बोलण्यात तो ‘अँजिओग्राफी’ होऊन जातो. छातीत जळजळ व गिळताना दुखणे असेल तर पुढची स्वाभाविक पायरी म्हणजे अन्ननलिकेची दुर्बिणीने तपासणी. येथेच सर्वांत मोठा धोका आहे. या तपासणीत अन्ननलिका हवा भरून फुगवली जाते. छिद्र असेल तर ती हवा दाबाने अलिंदात व तेथून थेट मेंदूत जाते. म्हणून ॲब्लेशननंतरच्या दोन महिन्यांत छिद्राची शंका असल्यास दुर्बीण घालायची नाही, नाकातून नळी टाकायची नाही, रुग्णाला तोंडाने काही द्यायचे नाही. प्रथम छातीचा रंजकद्रव्य देऊन सीटी स्कॅन करायचा. ‘पॉटर-एएफ’ अभ्यासात ८०.२ टक्के रुग्णांचे निदान सीटी स्कॅननेच पक्के झाले. ही सोय आता तालुक्याच्या मोठ्या गावांतही आढळते. उणीव यंत्राची कमी आणि शंका येण्याची अधिक आहे.

दुसरा धोका रोजच्या व्यवहारातला आहे. पोट फुगते, आंबट ढेकर येतात अशी तक्रार केली की पॅन्टोप्रॅझोल व डॉम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल दिली जाते. औषधाच्या दुकानातून ती चिठ्ठीविनाही नेली जाते. डॉम्पेरिडोन जठराची गती वाढवते, म्हणून मंदगतीच्या तक्रारीत ते तर्कशुद्धच भासते. परंतु ॲब्लेशननंतरचे काही आठवडे पुष्कळ रुग्ण अमिओडॅरोन किंवा सोटॅलॉल घेत असतात. ही औषधे व डॉम्पेरिडोन, दोन्ही हृदयाच्या विद्युत पुनर्भरणाचा काळ लांबवतात. एकत्र आल्यास निलयांचा घातक ताल उद्‌भवू शकतो. हृदयाचा ताल सुधारण्यासाठी केलेल्या उपचारानंतर पोटाच्या गोळीने ताल बिघडावा, हा दैवदुर्विलास टाळता येण्याजोगा आहे. इलेक्ट्रोकार्डिओग्राम काढल्याशिवाय व चालू औषधांची यादी पाहिल्याशिवाय ही कॅप्सूल देऊ नये. उलट्या होत असतील तर आणखी एक बाब तपासावी लागते : रक्त पातळ ठेवणारी गोळी पोटात टिकते की नाही. ॲब्लेशननंतर किमान दोन महिने ती एकही दिवस चुकता कामा नये.

मग पद्धतीची निवड कशी करावी? खर्च हा येथे मोठा घटक आहे. स्पंदपद्धतीची साधने महाग आहेत आणि ती सर्वत्र उपलब्धही नाहीत. रेडिओफ्रीक्वेन्सी अनुभवी हातांत आजही उत्तम पद्धत आहे आणि अलिंदाच्या इतर भागांतील गुंतागुंतीचे मार्ग तोडायचे असतील तर तिची लवचीकता उपयोगी पडते. लाखात अडतीस हा धोका शहरात, रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणाऱ्या रुग्णाने स्वीकारावा इतका लहान आहे. मात्र धोका म्हणजे केवळ घटनेची शक्यता नव्हे. घटना घडल्यावर वेळेत मदत मिळण्याची शक्यताही त्यात गुणावी लागते. हा गुणाकार केला की दूरच्या गावातील रुग्णासाठी क्रायोबलून किंवा स्पंदपद्धती यांचे पारडे जड होते. क्रायोबलूनने पोट काही आठवडे मंदावले तरी ते मऊ भातावर निभावता येते. तौलनिक अभ्यासांत रुग्णाच्या घराचे रुग्णालयापासूनचे अंतर हा घटक सहसा धरला जात नाही. ग्रामीण महाविद्यालयांना संशोधनासाठी हे क्षेत्र जवळजवळ मोकळे आहे.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत अंतराचा प्रश्न ऋतूनुसारही बदलतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. कुटुंबातील कर्ती माणसे कोयता घेऊन गेलेली असतात. गावात वृद्ध व मुले उरतात. अलिंदकंपनाचा रुग्ण बहुधा त्या वृद्धांपैकीच असतो. दिवाळीनंतर त्याचे ॲब्लेशन झाले तर अठराव्या दिवशी त्याला आलेला ताप ओळखणारे, वाहन बोलावून त्याला पुढे नेणारे कोणी घरात असण्याचा संभव कमी. उलट मुलाच्या सोबतीने तोही फडावर गेलेला असेल, तर कोपीत असताना तो ज्या डॉक्टरकडे जाईल त्याला त्याच्या उपचाराचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल. तातडीची निकड नसलेल्या रुग्णात ॲब्लेशनची तारीख ठरवताना हंगामाचा विचार का होऊ नये, हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञांपुढे क्वचितच कोणी मांडला असेल.

याच्या जोडीला एक अल्पखर्ची उपाय योजता येतो. रुग्णाला घरी सोडताना दिले जाणारे कार्ड सामान्यतः इंग्रजीत असते व त्यावर उपचाराचे नाव संक्षेपाने लिहिलेले असते. त्याला जोडून मराठीत चार ओळी असाव्यात : या रुग्णाच्या हृदयाच्या मागच्या बाजूला अमुक तारखेस अमुक पद्धतीने ॲब्लेशन केले आहे, दोन महिन्यांच्या आत ताप, गिळताना वेदना, छातीत दुखणे, रक्ताची उलटी किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे यांपैकी काहीही झाल्यास तोंडाने काही देऊ नये, दुर्बीण घालू नये, छातीचा सीटी स्कॅन करावा, आणि पुढील क्रमांकावर, कोणत्याही वेळी, उपचार केलेल्या डॉक्टरांशी बोलावे. हा कागद रुग्णाच्या पिशवीत नव्हे, तर आशा कार्यकर्तीच्या व प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदीतही एकेक प्रत म्हणून पोहोचावा, कारण पिशवी बहुधा फडावर सोबत नेली जात नाही.